ताट वेगळे ठेवावे का?



या सदरातून आपण आजवर मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, विस्मरण अशा उतारवयातील अनेक व्याधींचा विचार केला. आजचा विषय कौटुंबिक पाक्षिकात काहींना प्रथमदर्शनी अनुचित वाटेल. तरीही मी तो घेतला आहे, कारण हा प्रश्न माझ्यापुढे एका वृद्ध आईनेच मांडला. असा प्रश्न मनात दडवून बसलेल्या आणखीही माता असतील, याविषयी मला शंका नाही.

सत्तरी ओलांडलेल्या त्या बाई रक्तदाब आणि मधुमेहासाठी माझ्याकडे नियमित येतात. त्या दिवशी दवाखाना बंद होण्याच्या वेळी आल्या. गोळ्या लिहून घेतल्या, पण उठेनात. अखेर पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत म्हणाल्या, "बाई, माझा मुलगा परत आलाय घरी. म्हणजे... आता मुलगी म्हणायचं. बावीस वर्षांनी आली. तिला तो आजार आहे. मी तिचं ताट-वाटी वेगळी ठेवली होती. काल तिच्या लक्षात आलं. जेवलीच नाही. ठेवू का तशीच, का नको?"

'तो आजार' म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग. पिशवीतून त्यांनी काढलेल्या कागदांवर हिपॅटायटिस बी, म्हणजे ब-प्रकारच्या काविळीच्या विषाणूचीही नोंद होती. सरकारी केंद्रात उपचार चालू होते आणि ते नियमित होते.

मी त्यांना सांगितले ते आपल्यालाही आरंभीच सांगते. ताट वेगळे ठेवण्याची मुळीच आवश्यकता नाही. घरात काही वस्तू वेगळ्या ठेवाव्या लागतात हे खरे, पण त्या निराळ्या आहेत. कोणत्या आणि का, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊन पाहू.

हे विषाणू कोणते?

जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, परंतु स्वतःला अंतर्यामी स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती म्हणजे पारलिंगी स्त्री. आपल्याकडे तृतीयपंथी, किन्नर असे शब्द रूढ आहेत. काहीजणी गुरू-चेल्यांच्या परंपरेत राहतात, काही आपल्या घरी राहून नोकरी-व्यवसाय करतात. ही ओळख म्हणजे आजार नव्हे. मात्र लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या काही विषाणूंचे प्रमाण या स्त्रियांमध्ये अधिक आढळते, आणि त्यांत चार विषाणू महत्त्वाचे आहेत.

पहिला एचआयव्ही. हा विषाणू रक्त, वीर्य, योनीमार्गातील व गुदमार्गातील स्राव आणि मातेचे दूध यांतून पसरतो. लाळ, घाम, अश्रू यांतून पसरत नाही. शरीराबाहेर तो फार काळ तग धरत नाही.

दुसरा हिपॅटायटिस बी. याचेही मार्ग रक्त आणि लैंगिक संबंध हेच. परंतु हा एचआयव्हीपेक्षा कितीतरी अधिक संसर्गजन्य असून वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. वर्षानुवर्षे काहीही लक्षण न दाखवता तो यकृताची हानी करतो. यावर प्रभावी लस आहे. याचाच दूरचा सोबती हिपॅटायटिस सी. तो मुख्यतः रक्तातून पसरतो. त्यावर लस नाही, पण बहुतेकांत साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

तिसरा एचपीव्ही. त्वचेच्या निकट संपर्कातून पसरणारा हा विषाणू बहुतेकांच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो. काहींना जननेंद्रियांवर वा गुदद्वाराजवळ चामखिळीसारखे कोंब येतात. याचे सोळा आणि अठरा क्रमांकाचे प्रकार दीर्घकाळ राहिल्यास कर्करोगाला कारण ठरतात. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्या परिचयाचा आहे. गुदद्वाराचा कर्करोगही याच विषाणूमुळे होतो. म्हणून शौचावाटे रक्त पडणे, गाठ लागणे, न भरणारी जखम यांना परस्पर 'मूळव्याध' ठरवून मलम लावत बसू नये. विशेषतः एचआयव्ही असलेल्या व्यक्तीची तपासणी अवश्य करून घ्यावी.

चौथा हर्पीस. जननेंद्रियांवर वेदनादायक पुरळ व फोड येतात, बरे होतात, पुन्हा उद्भवतात. औषधांनी त्रास कमी होतो, परंतु विषाणू मज्जातंतूंमध्ये सुप्त राहतो. या उघड्या जखमांतून एचआयव्हीला शिरकाव करणे सोपे जाते.

येथे ज्येष्ठ वाचकांचा एक गैरसमज दूर करते. आपल्यापैकी अनेकांना 'नागीण' होऊन गेली असेल. तिच्या वैद्यकीय नावातही हर्पीस हा शब्द आहे, परंतु तिचा लैंगिक संबंधांशी काहीही संबंध नाही. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा सुप्त विषाणू पुन्हा जागा झाला की नागीण होते. कागदावर तो शब्द वाचून कोणी ओशाळून जाऊ नये.

प्रमाण अधिक का?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पाहण्यांनुसार आपल्या देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण हजारी सुमारे दोन आहे. तृतीयपंथी समुदायात ते शेकडा तीन ते चार आढळले आहे. हा फरक मोठा आहे. पण याच आकड्याची दुसरी बाजूही पाहावी. शंभरांतील शहाण्णव-सत्त्याण्णव जणींना हा संसर्ग नाही. 'तृतीयपंथी म्हणजे एड्स' हे समीकरण आकडेवारीतच टिकत नाही.

प्रमाण अधिक असण्याचे एक कारण शारीरिक आहे. गुदमार्गाचे आतील अस्तर एकपदरी आणि नाजूक असते, त्यामुळे असुरक्षित गुदसंबंधांत एचआयव्हीचा धोका सर्वाधिक असतो. हे कोणत्याही स्त्रीपुरुषाला सारखेच लागू आहे.

उरलेली कारणे मात्र आपण, समाजाने, निर्माण केलेली आहेत. घरातून बाहेर पडावे लागलेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या, कोणी काम न दिलेल्या मुलीपुढे उपजीविकेचे किती मार्ग उरतात? देहविक्रय करावा लागला की निरोधाचा आग्रह धरण्याचे बळ तिच्याकडे नसते. शरीर मनासारखे व्हावे म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना संप्रेरकांची इंजेक्शने घेतली जातात, आणि एकच सुई अनेकींना वापरली गेली की रक्तातील विषाणू सहज पसरतात. 'निर्वाण' म्हणून ओळखली जाणारी लिंगछेदाची क्रिया पूर्वी अनेकदा वैद्यकीय साहाय्याविना होत असे. तेथेही हाच धोका.

आणि एक कारण आम्हा डॉक्टरांचे आहे. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एक पारलिंगी स्त्री दवाखान्यात आली होती. बाकावरचे लोक सरकून बसले, एक बाई मुलाला घेऊन बाहेर उभ्या राहिल्या. मी कंपाउंडरला सांगितले, "त्यांना शेवटी पाठवा." मला वाटले, मी शांततेने मार्ग काढला. शेवटचा रुग्ण गेल्यावर पाहिले तर बाक रिकामा होता. तिला काय त्रास होता हे मला कधीच कळले नाही. ज्या विषाणूंचे निदान वेळेवर होणे हीच अर्धी चिकित्सा आहे, त्यांच्या बाबतीत अशा रिकाम्या बाकाची किंमत फार मोठी असते. ती किंमत मी भरली नाही, तिने भरली असेल.

घरात कोणती दक्षता घ्यावी?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. एका ताटात जेवणे, एकाच पेल्याने पाणी पिणे, तिने रांधलेले अन्न खाणे, तिला जवळ घेणे, तिचे कपडे इतरांच्या कपड्यांत धुणे, एकच शौचालय वापरणे, यांतून एचआयव्ही पसरत नाही आणि हिपॅटायटिस बीदेखील पसरत नाही. डास चावल्यानेही नाही. नेहमीप्रमाणे घासलेले ताट पुरेसे स्वच्छ असते.

ज्या वस्तूंना सूक्ष्म प्रमाणात का होईना, रक्त लागू शकते त्या मात्र प्रत्येकाच्या स्वतंत्र असाव्यात. दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश, नखे कापण्याचे यंत्र, कान टोचण्याच्या किंवा काटा काढण्याच्या सुया या त्या वस्तू. यांत ज्येष्ठांच्या घरातील एका वस्तूची भर घालते, जी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. घरी रक्तातील साखर तपासण्याच्या यंत्रासोबत बोटाला टोचण्याचे पेन येते. ते पेन आणि त्यातील सुई दोघांनी मिळून कधीही वापरू नये. इन्सुलिनचे पेनही तसेच. सुई बदलली तरी ते एकाच व्यक्तीचे असावे. हा नियम कोणाला संसर्ग असो वा नसो, प्रत्येक घरात पाळावा.

त्या बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "अहो, परवा तिनं तिची साखर माझ्याच यंत्रावर बघितली की!" ताट वेगळे होते आणि सुई एकच होती. भीतीपोटी पाळलेली दक्षता अशीच चुकीच्या जागी लागते.

त्यांची लगेच तपासणी करवली. आपणही घरात हिपॅटायटिस बी असलेली व्यक्ती असेल तर सोबत राहणाऱ्या सर्वांची रक्ततपासणी करून घ्यावी आणि संसर्ग नसल्यास लस घ्यावी. पहिली मात्रा, एक महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी असा तिचा क्रम असतो. आज नवजात बालकांना ही लस सरकारी लसीकरणातच मिळते, परंतु आपल्या पिढीतील बहुतेकांनी ती घेतलेली नाही. उतारवयात आणि मधुमेहात लसीचा परिणाम थोडा कमी होऊ शकतो. म्हणून शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करावी.

शुश्रूषा करणाऱ्याने आपल्या हातावरील जखमेवर पट्टी लावावी. रक्त पुसताना हातमोजे घालावेत. जमिनीवर सांडलेल्या रक्तावर कापड टाकून ब्लीचिंगचे द्रावण ओतावे, दहा-पंधरा मिनिटे थांबून मग पुसावे. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. वापरलेली सुई चुकून टोचली तर रक्त पिळून काढू नये. जागा साबणपाण्याने धुऊन तत्काळ सरकारी रुग्णालय गाठावे. अशा प्रसंगी एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन इतकी अल्प असते. प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांच्या आत, आणि अधिकाधिक बहात्तर तासांच्या आत सुरू केल्यास तीही आणखी घटते. ही औषधे अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बीचा धोका याहून पुष्कळ अधिक. लस आधीच घेऊन ठेवण्याचे कारण हेच.

औषधे आणि आशा

एप्रिल २००४ पासून एचआयव्हीवरील औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. आरंभी ती फार उशिरा, प्रतिकारशक्ती ढासळल्यावर दिली जात. २०१७ पासून निदान होताच प्रत्येकाला उपचार सुरू करण्याचे धोरण आले. आज बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर या तीन औषधांची मिळून एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. ती न चुकता घेतली की काही महिन्यांत रक्तातील विषाणू इतके घटतात की तपासणीत सापडत नाहीत. ही स्थिती टिकवून ठेवणाऱ्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतूनही एचआयव्ही दुसऱ्याला होत नाही, हे आज निःसंशय सिद्ध झाले आहे. रोज गोळी घेणारा मधुमेही आणि रोज गोळी घेणारी ही मुलगी यांच्यात वैद्यकीय दृष्ट्या फारसे अंतर उरलेले नाही.

घरातील काळजीवाहकांनी काही बाबी लक्षात ठेवाव्यात. डोल्युटेग्राविरसोबत आम्लपित्तावरची अँटासिड औषधे घेऊ नयेत. गोळी त्याआधी दोन तास किंवा त्यानंतर सहा तासांनी घ्यावी. कॅल्शियम व लोह यांनाही हाच नियम, मात्र जेवणासोबत ती एकत्र चालतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असल्यास त्याची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, कारण या औषधामुळे तिचे रक्तातील प्रमाण वाढते. टेनोफोविर घेणाऱ्यांची मूत्रपिंडे वेळोवेळी तपासावी लागतात. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर गोळी कधीही मनाने बंद करू नये. हीच औषधे त्या विषाणूलाही आवरून धरतात; ती अचानक थांबवल्यास काविळीचा जोरदार उद्रेक होऊ शकतो. कितीही दिवसांचा खोकला, सायंकाळचा ताप, घटते वजन दिसल्यास क्षयाची तपासणी करावी.

संप्रेरके घेणाऱ्या अनेकजणींना, एचआयव्हीच्या गोळ्यांनी त्यांचा परिणाम जाईल अशी भीती वाटते आणि त्या गुपचूप गोळ्या सोडतात. दोन्ही औषधे एकाच डॉक्टरांना सांगावीत. बहुतेक वेळा ती सोबत घेता येतात.

ज्यांना संसर्ग नाही त्यांच्यासाठी निरोध हा भरवशाचा उपाय आहे. त्यासोबत पाण्यात विरघळणारे वंगण वापरावे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन यांनी रबर फाटते. नित्य धोक्यात असणाऱ्यांसाठी एचआयव्ही टाळणाऱ्या प्रतिबंधक गोळ्याही आता उपलब्ध आहेत. एचपीव्हीची लस तरुण वयात अधिक गुणकारी ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लस २०२३ पासून बाजारात आहे. कोणी कधी घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

तपासणीसाठी सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रे, म्हणजेच आयसीटीसी, विनामूल्य सेवा देतात. संसर्ग नुकताच झाला असल्यास चाचणीत तो दिसायला वेळ लागतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्यानुसार संमतीविना चाचणी करणे, ती गोष्ट इतरांना सांगणे, किंवा त्या कारणावरून उपचार, नोकरी, घर नाकारणे बेकायदा आहे. शेजाऱ्यांना, नातलगांना सांगायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच, आईवडिलांचाही नव्हे.

वार्धक्य त्यांनाही येते

पारलिंगी स्त्रियाही वृद्ध होतात. परंपरेत राहणाऱ्या गुरूंची शुश्रूषा बहुधा त्यांच्या चेल्या करतात, आणि हे पाक्षिक त्यांच्याही हाती पडो अशी माझी इच्छा आहे. अंडकोष काढल्यानंतर संप्रेरके न मिळाल्यास हाडे लवकर ठिसूळ होतात, टेनोफोविरने त्यात भर पडू शकते. म्हणून हाडांची तपासणी करावी. स्त्रीवेश असला, शस्त्रक्रिया झालेली असली, तरी प्रोस्टेट ग्रंथी शरीरात राहिलेली असते. लघवी अडखळणे, वारंवार होणे यांची तक्रार संकोचाने लपवू नये. आपण डॉक्टरांना न सांगितलेली गोष्ट त्यांना तपासता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी पारलिंगी व्यक्तींची ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याने त्यांना आपल्या कुटुंबाच्या घरात राहण्याचा अधिकार दिला. कायदा दार उघडून देऊ शकतो. पान वाढण्याचे काम मात्र घरातल्या माणसांनाच करावे लागते.

त्या बाईंचा हिपॅटायटिस बीचा अहवाल सुदैवाने निर्दोष आला. लसीच्या दुसऱ्या मात्रेसाठी त्या आल्या तेव्हा लेक सोबत होती. माझ्या कंपाउंडरने केसपेपरासाठी तिचे नाव विचारले. तिने आईकडे पाहिले. आईने क्षणभर थांबून मुलीने स्वतःसाठी निवडलेले नाव सांगितले आणि आडनाव आपल्या घरचे लावले. मग माझ्याकडे वळून तक्रार केली, "बाई, हिला सांगा जरा. जेवायला बसलं की माझ्याच ताटातली भाकरी मोडते. माझ्या वाट्याला अर्धीच येते."

मी रक्तदाब मोजला. बऱ्याच महिन्यांनी तो आटोक्यात होता.

एचआयव्हीविषयी कोणतीही शंका असल्यास १०९७ या निःशुल्क क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा मदत क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक घरातील दूरध्वनीजवळ लिहून ठेवावेत.